विरोधी बाकावरील अर्धशतक

एखाद्या राज्याचा राजकीय इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे आपण बहुधा मुख्यमंत्र्यांच्या नामावलीचा आधार घेतो. अमक्याच्या कारकीर्दीत धरण झाले, तमक्याच्या कारकीर्दीत कायदा झाला, असे कालखंड पाडले जातात आणि इतिहास लिहून पुरा होतो. या पद्धतीत सोय आहे, परंतु तीत एक मोठी उणीवही आहे. विधानसभेच्या सभागृहात अध्यक्षांच्या उजव्या हातास जसे मंत्रिमंडळ बसते, तसा डाव्या हातास विरोधी पक्ष बसतो. आणि आपल्या संविधानाने कल्पिलेले सभागृह या दोन्ही बाजू मिळूनच पुरे होते. असे असूनही डाव्या बाजूच्या माणसांची बखर सहसा कोणी लिहीत नाही. ज्याच्या हाती खाते नाही, निधी नाही, बदलीचा किंवा नेमणुकीचा अधिकार नाही, अशा सभासदाने पाच वर्षांत, दहा वर्षांत, किंवा पन्नास वर्षांत केले तरी काय, असा प्रश्न मतदारही विचारतात आणि अभ्यासकही विचारतात.

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण एका माणसाची कारकीर्द पाहणार आहोत. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने गणपतराव देशमुख १९६२ साली प्रथम महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. २०१४ साली ते त्याच मतदारसंघातून, त्याच पक्षाच्या वतीने अकराव्यांदा निवडून आले. १९७२ आणि १९९५ या दोन निवडणुकांत त्यांना पराभव स्वीकारावा लागला. तेवढे दोन खंड वगळले तर २०१९ पर्यंत त्यांचे सभासदत्व सुमारे पन्नास वर्षांचे भरते. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे त्यांचे निधन झाले. तालुक्यात त्यांना आबासाहेब या नावानेच ओळखले जाई.

विजयांची संख्या हाच मोठेपणाचा निकष मानला, तर त्यांच्यापुढेही नावे आहेत. तामिळनाडूचे मुत्तुवेल करुणानिधी १९५७ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा निवडून आले; केरळचे के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा, आणि ओमन चंडी पुदुप्पळ्ळी येथून बारा वेळा. परंतु हे तिघेही सत्तेच्या राजकारणातील पुरुष होते. करुणानिधी आणि चंडी मुख्यमंत्री झाले, मणींनी अर्थमंत्री म्हणून अनेक अंदाजपत्रके मांडली. गणपतरावांचे वैशिष्ट्य निराळे आहे. अकरा वेळा निवडून येऊनही त्यांचे मंत्रिपद दोन अल्प कालखंडांपुरतेच राहिले. उरलेला सर्व काळ ते विरोधी बाकावर बसले. सत्ता नसताना सांगोल्याच्या मतदारांनी या माणसास पुनःपुन्हा मुंबईस का पाठविले, हे समजून घ्यावयाचे असेल तर प्रथम त्या मुलखाची ओळख करून घेतली पाहिजे.

सांगोला हा माणदेशाचा भाग. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकता सरकता विरळ होत जातो आणि माणदेशात पोहोचेपर्यंत त्याच्याजवळ देण्यासारखे फारसे काही उरत नाही. माण नदी या मुलखातून वाहते आणि पुढे पंढरपूर तालुक्यात भीमेस मिळते. परंतु वर्षाचे बहुतेक महिने तिच्या पात्रात वाळूच दिसते. ज्वारी-बाजरीची जिरायत शेती, मेंढरांचे कळप आणि खिल्लार जातीचे बैल ही येथील जुनी संपत्ती. व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखनामुळे हा प्रदेश सर्व मराठी वाचकांना परिचयाचा झाला. ज्यांनी तो पुस्तकात पाहिला नाही, त्यांनी त्याची माणसे पाहिली असण्याचा संभव आहे. भारतातील अनेक मोठ्या शहरांच्या सराफ कट्ट्यावर सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करणारे जे मराठी गलाई कारागीर दिसतात, त्यांतील बहुसंख्य खानापूर, आटपाडी आणि त्यांच्या आसपासच्या दुष्काळी पट्ट्यातून गेलेले आहेत. दूरच्या प्रांतात त्यांनी उत्तम नाव मिळविले हे खरेच, परंतु त्यांच्या आजोबा-पणजोबांनी गाव सोडले ते हौसेने नव्हे. पाण्याने त्यांना गाव सोडावयास लावले.

अशा मुलखात गणपतरावांनी आपले राजकारण उभे केले. त्यांचा जन्म याच जिल्ह्यातील, मोहोळ तालुक्यातल्या पेनूर गावचा. पुण्यात शिक्षण झाले, कायद्याची पदवी घेतली आणि विद्यार्थिदशेतच ते शेतकरी कामगार पक्षाच्या विचाराकडे ओढले गेले. या पक्षाविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे, कारण महाराष्ट्राबाहेरील श्रोत्यांस त्याचे नाव फारसे ठाऊक नसेल. काँग्रेसमध्ये शेतकऱ्याचा आवाज दबला जातो आहे असे ज्यांस वाटत होते, त्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृती मंडळींनी १९४७ साली या पक्षाची स्थापना केली. १९५० साली दाभाडी येथे पक्षाने मार्क्सवादी विचारसरणीचा अधिकृतपणे स्वीकार केला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हा पक्ष समितीचा एक प्रमुख घटक होता. परंतु ज्या जेधे-मोऱ्यांनी तो काढला, ते स्वतःच पुढे काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव चव्हाणांनी ज्यास बेरजेचे राजकारण म्हटले जाते त्या धोरणाने ग्रामीण महाराष्ट्रातील एकेक कर्तबगार कार्यकर्ता आपल्या पक्षात ओढून घेतला, आणि त्यात शेतकरी कामगार पक्षाची मोठी वजाबाकी झाली.

गणपतराव विधानसभेत आले ते नेमके या वजाबाकीच्या दिवसांत. १९६२ च्या निवडणुकीत २६४ जागांपैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. शेतकरी कामगार पक्षास १५ जागा मिळाल्या, आणि तरीही विरोधकांत तोच मोठा पक्ष होता. त्याचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. सत्तारूढ बाजूस दोनशेहून अधिक आणि समोर मूठभर, अशा सभागृहात मतदानाने काही घडविणे अशक्यच होते. जे घडवावयाचे ते प्रश्नाने, वादाने आणि चिकाटीने.

येथे विधिमंडळाच्या कामकाजाविषयी थोडे सांगतो. सभासदाची खरी हत्यारे बाहेरच्या माणसास दिसत नाहीत. वृत्तपत्रांत गोंधळाची आणि सभात्यागाची बातमी येते. तारांकित प्रश्नाची येत नाही. परंतु शासकीय सेवेत वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्या माणसास विचाराल, तर कचेरीला जाग आणण्याचे सामर्थ्य तारांकित प्रश्नात जितके आहे तितके सभात्यागात नाही. एखाद्या सभासदाने विचारले की, अमक्या तालुक्यातील पाझर तलावाचे काम किती दिवस बंद आहे, मजुरांचे वेतन किती थकले आहे, आणि याची कारणे काय. प्रश्न स्वीकृत झाला की तो सचिवालयातून, म्हणजे आजच्या मंत्रालयातून, जिल्हाधिकाऱ्याकडे जातो. तेथून तहसीलदाराकडे किंवा उपअभियंत्याकडे. आणि आकड्यांसह माघारी येतो. त्या प्रवासात पुष्कळदा असे घडते की, उत्तर देण्याची पाळी येण्यापूर्वीच थकलेले वेतन वाटले जाते, बंद पडलेले काम सुरू होते. छापील कामकाजात फक्त प्रश्न आणि मंत्र्याचे एक ओळीचे उत्तर उरते. मधल्या पंधरवड्यात गावात काय झाले, हे कोणत्याही ग्रंथात नोंदले जात नाही.

याच जातीची दुसरी हत्यारे म्हणजे लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा आणि कपात सूचना. संविधानाच्या २०३ व्या अनुच्छेदाप्रमाणे खर्चाची प्रत्येक मागणी मान्य करण्याचा, नाकारण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार विधानसभेस आहे. विरोधकाची कपात सूचना मंजूर होण्याचा संभव नसतो, परंतु तिच्या निमित्ताने त्या खात्याच्या कारभाराची झडती घेता येते. मंत्र्याने सभागृहात ‘करू’ म्हटले की ते आश्वासन होते आणि आश्वासन समितीच्या वहीत चढते. या सर्व साधनांचे एक सामान्य लक्षण आहे. ती एकदा वापरून गुण येत नाही; तोच विषय अधिवेशनामागून अधिवेशन मांडावा लागतो. मंत्री बदलतात, सचिव बदलतात, जिल्हाधिकारी तर दोन-तीन वर्षांत बदलतोच. अशा वेळी मागील तीन मंत्र्यांनी याच प्रश्नावर काय सांगितले होते हे ज्याच्या स्मरणात आहे, असा एखादा सभासद समोर बसलेला असला, तर उत्तर तयार करणाऱ्या अधिकाऱ्यास जपून लिहावे लागते. दीर्घ सभासदत्वाचे खरे मोल मला यात दिसते. शासनाजवळ दप्तर असते, परंतु स्मरण असतेच असे नाही.

दुष्काळ, पाणी, मजुरी आणि शेतमालाचा भाव हे चार विषय गणपतरावांनी आयुष्यभर धरून ठेवले. त्यांतील मजुरीचा विषय पाहू. १९७२ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रावर शतकातील भीषण दुष्काळांपैकी एक कोसळला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडीत आणि माती वाहत होती. शासनाने कामे काढली आणि डाव्या पक्षांनी अधिक कामासाठी व पुरेशा मजुरीसाठी मोर्चे व संप केले. या दोन्हींच्या ताणातून एक नवा विचार पक्का होत गेला. मागेल त्याला काम मिळाले पाहिजे, आणि ते उपकार म्हणून नव्हे तर हक्क म्हणून, हा तो विचार. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तो १९६५ पासूनच लावून धरला होता आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी त्यास शासनाचे बळ दिले.

१९७४ च्या पोटनिवडणुकीत गणपतराव पुन्हा सभागृहात आले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने एकमताने संमत केला, आणि १९७७-७८ या काळात विधानसभेतील विरोधी पक्षनेत्याचे पद गणपतरावांकडेच होते. २६ जानेवारी १९७९ रोजी हा कायदा अमलात आला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढास पंधरा दिवसांच्या आत काम द्यावयाचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा, आणि त्यासाठी लागणाऱ्या पैशाचा एक भाग शहरांतील व्यवसाय कराच्या रूपाने उभारावयाचा, अशी ही योजना होती. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा जो निर्देश आहे, त्यास एका राज्याने दिलेले हे पहिले कायदेशीर रूप. पुढे २००५ साली संसदेने सर्व देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. या कायद्याचे पितृत्व पागे यांचेच. ते हिरावून घेऊन दुसऱ्या कोणास देण्याचे कारण नाही. परंतु कायदा एकमताने संमत होतो याचा अर्थ असा की विरोधी बाकांनीही तो आपला मानला. १९९९ साली रोजगार हमीचे खाते गणपतरावांच्या हाती आले, तेव्हा हा हक्क ज्यांस वर्षानुवर्षे लागत आला होता अशा मजुरांच्या तालुक्याचा प्रतिनिधी त्या खुर्चीवर बसला होता.

मंत्रिपदाचा उल्लेख आलाच आहे, तर त्या दोन कालखंडांचा हिशेबही सांगून टाकतो. पहिला कालखंड १९७८ चा. शरद पवारांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, सरकार जुलैत अधिकारावर आले व त्यात गणपतराव मंत्री होते. फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त झाले. दुसरा कालखंड १९९९ चा, विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारातला. २००२ साली शेतकरी कामगार पक्षाने त्या सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि गणपतरावांचे मंत्रिपद संपले. म्हणजे अर्धशतकात दोन्ही मिळून चार-साडेचार वर्षे. पक्षाने सत्ता सोडली तेव्हा त्यांनी खुर्चीसाठी पक्ष सोडला नाही. ज्या काळात १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा करावा लागला, आणि तो करूनही पक्षांतरे थांबली नाहीत, त्या काळात ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे.

आता पाण्याचा विषय. सांगोल्याच्या उत्तरेस भीमेचे खोरे, दक्षिण-पश्चिमेस कृष्णेचे. दोन्ही मोठ्या नद्या, परंतु माणदेशाचे पठार त्यांहून उंच. पाणी वरून खाली वाहते, खालून वर आणावयाचे तर ते उपसावे लागते आणि उपशास वीज लागते. कृष्णेच्या पाण्याची वाटणी बच्छावत लवादाने केली. त्यात महाराष्ट्राच्या वाट्यास ५६० अब्ज घनफूट पाणी आले, आणि ३१ मे २००० नंतर या वाटणीचा फेरविचार होऊ शकेल असेही ठरले. वाट्यास आलेले पाणी त्या मुदतीत अडविले आणि वापरले नाही तर फेरविचारात महाराष्ट्राची बाजू लंगडी पडेल, ही चिंता होती. परंतु वाट्यास आलेले पाणी राज्यात कोणास मिळावयाचे, हा प्रश्न त्याहूनही बिकट होता. नदीकाठी ऊस उभा होता, साखर कारखाने उभे होते. आणि पन्नास-साठ मैलांवर माणसे टँकरची वाट पाहत होती.

१९९३ पासून कृष्णा खोऱ्यातील तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडी येथे भरू लागली. स्वातंत्र्यसैनिक नागनाथ नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख ही तिच्या नेतृत्वातील प्रमुख नावे. परिषदेची मागणी केवळ ‘आम्हास पाणी द्या’ एवढीच नव्हती. पाणी हे जमिनीच्या प्रमाणात नव्हे तर माणसांच्या प्रमाणात वाटले जावे, प्रत्येक कुटुंबास, भूमिहीनासही, त्याचा वाटा मिळावा, असे तिने मांडले. पाटबंधारे खात्याच्या रीतीस ही कल्पना अगदीच अपरिचित होती. तेथे पाणी सातबाऱ्यावरच्या क्षेत्रास मिळते, माणसास नव्हे. १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभू उपसा सिंचन योजनेचे काम पुढे आले. कऱ्हाडजवळ कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने पठारावर चढवावयाचे आणि खानापूर, आटपाडी, सांगोला अशा तालुक्यांस पोहोचवावयाचे, अशी तिची आखणी.

कामास निधी कमी पडला, वर्षे लोटली, खर्च वाढत गेला. उपशाच्या विजेचे बिल शेतकऱ्याने भरावयाचे की शासनाने, हा वाद वेगळाच. अखेर पाणी तालुक्याच्या काही भागांपर्यंत पोहोचले. परंतु १९६२ साली ज्यांनी पहिले मत टाकले, त्यांतील किती जणांनी ते पाहिले असेल? २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात माणदेशात पुन्हा जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्याच. लोकशाहीच्या मार्गाने मागितलेले पाणी येते, पण किती सावकाश येते, याचा हा दाखला आहे. तो आपण आशेचा मानावा की निराशेचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला एवढेच दिसते की, ज्या तालुक्यांचे प्रतिनिधी बोलत राहिले त्यांचे नाव निदान नकाशावर राहिले.

मधल्या वर्षांत तालुका नुसता वाट पाहत बसला नाही. थोड्या पाण्यावर येणारे पीक म्हणून येथील शेतकरी बोर आणि डाळिंबाकडे वळला. १९९० साली राज्याने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना काढली, आणि खडी फोडण्याच्या मजुरीऐवजी स्वतःच्याच रानात खड्डे घेऊन झाडे लावण्याची मजुरी शेतकऱ्यास मिळू लागली. सांगोल्याच्या डाळिंबाने पुढे देशाबाहेरच्या बाजारपेठा पाहिल्या. सोलापूरच्या डाळिंबास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेल्या रोगाने बागा उद्ध्वस्त केल्या तो भाग निराळा. सहकाराच्या क्षेत्रात पुढाऱ्याने साखर कारखाना काढावा अशी रीत असताना, गणपतरावांनी सांगोल्यास शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली. उसाच्या मानाने सूत थोड्या पाण्यात निघते, आणि कामही अधिक हातांस मिळते. राज्यातील अनेक सहकारी सूतगिरण्या कर्जाने बुडाल्या असता ही गिरणी चालू राहिली, याचा लौकिक जिल्ह्यात मोठा आहे.

त्यांच्या साधेपणाच्या कथा पुष्कळ आहेत. एसटीच्या गाडीने प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांची ख्याती महाराष्ट्रभर होती. मला या कथांवर फार वेळ घालवावयाचा नाही, कारण साधेपणाचे कौतुक करता करता आपण कामाचा विचार करण्याचे टाळतो. परंतु त्यातही एक व्यवहार आहे. एसटीच्या बाकावर शेजारी बसलेला माणूस आमदारास जे सांगतो, ते मोटारीच्या काचेआडून ऐकू येत नाही. आणि तारांकित प्रश्नाचा कच्चा माल तेथेच मिळतो.

१९९५ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला तो अवघ्या १९२ मतांनी. तेहतीस वर्षांच्या राजकारणानंतर एवढ्याशा फरकाने हरलेला, सत्तरीकडे झुकलेला माणूस निवृत्त झाला असता तर कोणी नवल केले नसते. गणपतराव चार वर्षे सभागृहाबाहेर काम करीत राहिले, १९९९ साली पुन्हा निवडून आले आणि त्यानंतर आणखी तीनदा. १९६२ साली ते ज्या सभागृहात प्रथम बसले, ते कुलाब्याकडील जुने सभागृह. १९८१ मध्ये नरिमन पॉइंटवर नवे विधान भवन उभे राहिले आणि विधानसभेच्या जागाही २६४ वरून २८८ झाल्या होत्या. समोरच्या बाकावर यशवंतराव चव्हाणांपासून देवेंद्र फडणवीसांपर्यंत मुख्यमंत्री येऊन बसले. २०१४ साली ते निवडून आले तेव्हा वयाची पंच्याऐंशी वर्षे मागे पडली होती, आणि सभागृहातील कित्येक सभासद त्यांच्या पहिल्या विजयानंतर जन्मलेले होते.

आता या कारकीर्दीची दुसरी बाजूही निःपक्षपातीपणे मांडली पाहिजे. १९६७ साली शेतकरी कामगार पक्षाचे १९ सभासद निवडून आले होते. २०१४ साली ३. गणपतराव जिंकत राहिले आणि त्यांचा पक्ष ओसरत गेला. सांगोला आणि रायगड अशी दोन-चार बेटे उरली, बाकीचा मुलूख पाण्याखाली गेला. जो सभासद आपला मतदारसंघ इतका दृढ बांधतो, त्याच्या हातून पक्ष का बांधला गेला नाही? काही दोष काळाचा आहे. मंडल, मंदिर आणि सहकारी साखर यांच्या राजकारणात शेतकऱ्यांच्या वर्गीय पक्षास जागा उरली नाही. परंतु काही दोष एकनिष्ठेच्याच पोटी येतो. मत पक्षास पडते की माणसास, हा भेद पुढे पुढे मिटत जातो. २०१९ साली ते निवडणुकीस उभे राहिले नाहीत. पक्षाने त्यांच्या नातवास उमेदवारी दिली आणि जागा थोडक्यात गेली. २०२४ मध्ये ती पुन्हा पक्षाकडे आली, तीही त्यांच्याच घरातील उमेदवाराच्या रूपाने. ज्या पक्षाने आयुष्यभर घराणेशाहीवर टीका केली, त्यालाही शेवटी आडनावाचाच आधार घ्यावा लागला, हे इतिहासकाराने नोंदविले पाहिजे.

असे असूनही आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल असे वाटते. ज्याच्या हाती सत्ता नाही तो सभासद धरण बांधीत नाही, कायदा मांडून मंजूर करून घेत नाही, निधीचे वाटप करीत नाही. तो दुसरे एक काम करतो. राज्याच्या दप्तरात ज्या मुलखाची नोंद ‘अवर्षणप्रवण’ या एका शब्दात संपते, तेथे माणसे राहतात, त्यांची मजुरी थकली आहे, त्यांच्या वाट्याचे पाणी दुसरीकडे वळले आहे, याची तो राज्यास आठवण देत राहतो. ही आठवण देण्याचा हक्क संविधानाने त्यास दिलेला आहे, आणि ती ऐकून घेण्याचे बंधन मंत्र्यावर घातलेले आहे. अधिवेशनाचे दिवस आखूड होत चालले, प्रश्नोत्तराचा तास गोंधळात बुडू लागला, आणि निवडून येताच सत्तेच्या बाजूस जाऊन बसणे हेच शहाणपण ठरू लागले, तर या हक्काचा लोप कोणताही कायदा न बदलता होऊ शकतो.

सत्तेत नसलेला आमदार आमच्या काय कामाचा, असे मतदार म्हणू लागला म्हणजे हा लोप पुरा झाला असे समजावे. सांगोल्यासारख्या कोरड्या आणि गरजू तालुक्याने तसे म्हटले असते तर त्यास कोणी दोष दिला नसता. त्या तालुक्याने अकरा वेळा तसे म्हणण्याचे नाकारले. गणपतरावांच्या विक्रमाचा मान त्यांच्याइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, त्या मतदारांकडे जातो.